पुन्हा हाफ पॅडल

सायकल माणसास आयुष्यात दोनदा शिकावी लागते, असे आम्हांस कोणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले असते तर त्यास आम्ही खुशाल वेड्यात काढले असते. पोहणे आणि सायकल ही एकदा आली की मरेपर्यंत विसरत नाहीत, या लोकश्रद्धेवर आमचाही विश्वास होता. आणि खरे सांगावयाचे तर ती श्रद्धा खोटी आहे असे आजही आमचे म्हणणे नाही. मेंदू विसरत नाहीच. परंतु गुडघा हा मोठ्या स्वतंत्र बाण्याचा अवयव आहे. त्यातून तो जन्मजात नसून कारखान्यात घडलेला असेल, तर त्याला मागचे काही आठवावे अशी अपेक्षा करण्याचा आपल्याला अधिकारच पोहोचत नाही.

आमचा डावा गुडघा असा कारखान्यातला आहे. मांडीच्या हाडाच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची टोपी, नडगीच्या माथ्यावर टिटॅनियमची बैठक आणि या दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीनची गादी, अशी ही रचना आहे. डॉक्टरांनी तिचा नमुना टेबलावर ठेवून आम्हांस दाखविला, तेव्हा आमच्या मनात प्रथम आला तो सायकलच्या मागच्या चाकाचा हब. शरीरशास्त्राविषयीचे आमचे अज्ञान सोडून द्या. पण जो मनुष्य पन्नासाहून अधिक वर्षे सायकलीवर हिंडला, त्यास दुसरे काय आठवणार! आम्ही तत्क्षणी विचारले, "सायकल चालवता येईल ना?" डॉक्टर म्हणाले, "अवश्य. सायकल या गुडघ्याला चांगलीच. शरीराचा भार बैठकीवर राहतो, गुडघा नुसता फिरतो. मात्र पडायचे नाही." पोहायला हरकत नाही, मात्र भिजायचे नाही, असे म्हणण्यासारखेच हे झाले. परंतु शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कोणी डॉक्टरांशी वाद घालीत नाही.

सायकलीविषयी एवढा हट्ट का, हा प्रश्न आम्हांस त्या सोळा महिन्यांत किती जणांनी विचारला याची गणती नाही. सोळा महिने म्हणतो ते अशासाठी, की शस्त्रक्रियेपूर्वीचे सहा महिने वेदनेने खाल्ले आणि नंतरचे दहा महिने सुजेने, व्यायामाने व घरच्यांच्या काळजीने. दोन पावसाळे सायकल पडवीत भिंतीला टेकून उभी होती. हट्टाचे कारण व्यायाम हे नव्हते, निसर्गशोभा हेही नव्हते. ते कारण मुळगावात राहते.

आम्ही पेडण्यास आलो ते नोकरीच्या निमित्ताने, शाळामास्तर म्हणून. मूळचे आम्ही डिचोलीचे. आमची थोरली बहीण, जिला आम्ही 'बाय' म्हणतो, ती डिचोलीहून जवळच मुळगावास दिली. गोव्याबाहेरच्या वाचकांस सांगितले पाहिजे, की पेडणे आणि डिचोली हे दोन्ही 'नव्या काबिजादीं'तले महाल. पोर्तुगिजांच्या हाती डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेली आणि काही वर्षांनी, १७८८ साली, पेडणेही गेले. त्याआधी जवळजवळ पावणेतीनशे वर्षे त्यांचे राज्य तिसवाडीत होते. या दोन महालांचे नाते मात्र राज्यकर्त्यांनी जोडलेले नाही, ते देवींनी जोडलेले आहे. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी, असे आमच्याकडे मानतात. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण हीदेखील त्यांचीच बहीण मिराबाई, आणि खेतोबा हा त्यांचा एकुलता भाऊ. कथेची पाठांतरे गावोगाव निराळी आहेत. कोणती खरी या वादात शहाण्याने शिरू नये. पण बहिणी डिचोलीत राहिल्या आणि एक मोरजीला, समुद्राकाठी पेडण्यात आली, ही गोष्ट लहानपणी आजीच्या तोंडून ऐकताना, पुढे आपणही असेच पेडण्यास येऊन पडणार आहोत हे आम्हांस कोठून ठाऊक असणार!

बाय आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मुले परगावी, यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, दृष्टी मंद आणि कान त्याहून मंद. त्यामुळे फोन म्हणजे दोन्हीकडून ओरडणे. निवृत्त झाल्यापासून दर गुरुवारी सकाळी सायकलीने मुळगावास जावे, दुपारी तिच्याकडे जेवावे, तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवावे आणि ऊन उतरले की परतावे, असा आमचा क्रम होता. गुडघा बसला आणि हा क्रमही बसला. आता कोणी म्हणेल, बस आहे, मोटार आहे. बसने जावयाचे तर पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोलीची दुसरी बस, आणि प्रत्येक बसची पहिली पायरी एवढी उंच की ती बांधणाऱ्याच्या मते सर्व प्रवासी विशीतले असावेत. मोटार मुलाची. मुलगा सुस्वभावी आहे, 'नाही' म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या गाडीतून बहिणीकडे जाणे म्हणजे घड्याळ मांडीवर घेऊन बसणे. सोळा महिन्यांत आमच्या तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस निघताना बायने आमचा हात धरला आणि म्हणाली, "पांय बरो जालो म्हणटकच यो." त्यात तक्रार नव्हती. परंतु त्यानंतर तिने वर्तमानपत्र बंद केले, हे आम्हांस दुसऱ्याकडून कळले.

व्यायाम शिकविण्यास एक तरुण बाई येत. त्यांच्याजवळ गुडघ्याचा कोन मोजण्याचे एक साधन असे आणि मापन झाले की त्या आकडा अशा स्वरात सांगत, जणू आम्ही गणिताच्या पेपरात गुण मिळविले आहेत. बहात्तर. पंच्याऐंशी. चौऱ्याण्णव. सायकलचे पॅडल पुरते एक फेरा फिरावयास गुडघा सुमारे ११० अंश वाकावा लागतो. बैठक उंच केली तर थोडे कमी चालते. तोपर्यंत काय करावयाचे? एका जागी उभ्या असलेल्या सायकलीवर बसून पॅडल अर्धे पुढे न्यावयाचे, अडले की अर्धे मागे आणावयाचे. पुढे, मागे. पुढे, मागे. फेरा पुरा होत नाही.

हे पाहताच आम्हांस हसू आले. बाईंना वाटले, दुखते म्हणून तोंड वेडेवाकडे करतो आहे. वाचकहो, हे तर हाफ पॅडल! ज्यांनी मोठ्या माणसाच्या सायकलीवर शिकण्याचा योग अनुभवला आहे, त्यांस अधिक सांगणे न लगे. दांड्याखालून उजवा पाय पलीकडे घालावयाचा, अंग एका बाजूस कलते ठेवावयाचे आणि पॅडल अर्धे खाली, अर्धे वर असे मारीत राहावयाचे. आम्ही हे शिकलो ते १९६७ च्या जानेवारीत, वयाच्या दहाव्या वर्षी, मामांच्या काळ्या अवजड सायकलीवर. तो जनमत कौलाचा महिना. डिचोलीच्या भिंतींवर एकीकडे फूल आणि एकीकडे दोन पाने रंगविलेली होती आणि थोरली माणसे दिवसरात्र त्याच वादात गुंतलेली असल्यामुळे सायकल कोण नेतो याकडे कोणाचे लक्ष नव्हते. सायकल मागून धरीत असे ती बाय. परकराचा काचा मारून ती आमच्या मागे धावे. तिला स्वतःला सायकलीवर बसावेसे वाटते काय, हे तिला कोणी विचारले नाही, आम्हीही नाही. त्या काळी मुलींनी सायकलीवर बसणे आमच्या आळीत संभवतच नव्हते. १६ तारखेला मतदान झाले, निकाल लागला, भिंती पुढे पावसाने धुतल्या गेल्या आणि आमचे हाफ पॅडलचे फुल पॅडल झाले.

या खेपेस ते व्हावयास सात आठवडे लागले, आणि तेही उलट्या दिशेने. पुढे न फिरणारे पॅडल मागे सोपे जाते, असे बाईंनी सांगितले होते आणि तसेच झाले. एके सकाळी पाय मागच्या मागे एक संपूर्ण फेरा फिरून आला. तिसऱ्या दिवशी तो पुढेही फिरला. मापन झाले, एकशेआठ. आम्ही घरात साखर वाटावयास सांगितली, सौ.नी मधुमेहाची आठवण करून दिली.

परंतु जागच्या जागी उभी असलेली सायकल ही सायकल नव्हे. तीवर चढावे लागत नाही, आणि खरी अडचण चढण्यातच होती. आपल्याकडचा पुरुष सायकलीवर टांग मारून बसतो. डावा पाय पॅडलवर, उजव्याने दोन ढांगा, आणि मग सगळे अंग डाव्या गुडघ्यावर तोलून उजवी तंगडी मागून फेकावयाची. त्या एका क्षणी माणसाचे सारे आयुष्य डाव्या गुडघ्यावर उभे असते. पन्नास वर्षे हे कधी लक्षात आले नव्हते. आमची ऍटलास उंच, काळी, वर आडवा दांडा असलेली. जिने आम्हांस कधी दगा दिला नाही, तिच्याकडे पाहून आता पोटात गोळा येऊ लागला. तिचे घराणेही आता उरले नाही. सोनिपतला १९५१ साली निघालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, आणि तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी! दैवाच्या थट्टेस मर्यादा नाही.

सौ.चा विरोध होता तो निराळ्याच पातळीवर. तिची समजूत काढण्यासाठी आम्ही थोरामोठ्यांचे दाखले दिले. टॉलस्टॉय वयाच्या ६७ व्या वर्षी, १८९५ साली, सायकल शिकला, हे सांगून पाहिले. ती शांतपणे म्हणाली, "ताका उखलूंक चाकर आशिल्ले. तुमकां कोण उखलतलो?" मग आम्ही ग्रेग लेमाँडचे उदाहरण काढले. हा अमेरिकन सायकलपटू १९८७ च्या एप्रिलात शिकारीच्या वेळी चुकून गोळी लागून मरता मरता वाचला. छर्‍यांपैकी कित्येक अंगातच राहिले. आणि १९८९ साली त्याने फ्रान्सची ती प्रख्यात शर्यत, तीन आठवड्यांची, अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. सौ.ने विचारले, "आणि त्याचे वय?" अठ्ठावीस, हे उत्तर आम्ही दिले नाही. थोरांचे दाखले घरात उपयोगी पडत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

तोडगा निघाला तो भाचीच्या पडवीतून. ती शाळेत असताना वापरीत असे ती सायकल, दांडा नसलेली, पुढे जाळीची टोपली असलेली, रंगाने एके काळी जांभळी. हिच्यावर टांग मारावी लागत नाही. मधल्या मोकळ्या जागेतून पाय पलीकडे ठेवला की झाले. लेडीज सायकल! अडुसष्टाव्या वर्षी, ज्या गावात आपले निम्मे विद्यार्थी आता आजोबा झाले आहेत, त्या गावात शाळामास्तराने जांभळ्या लेडीज सायकलीवरून जावे काय, या प्रश्नावर आम्ही दोन रात्री विचार केला. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता.

त्या गुरुवारी अंगणापलीकडे जाता आले नाही, हे सांगितले पाहिजे. गुडघ्यास बैठक उंच हवी होती आणि भीतीस ती खाली हवी होती. बैठक उंच केली तर पाय भुईस टेकत नाही. खाली केली तर गुडघा जास्त वाकावा लागतो आणि तो वाकत नाही. या पेचातून वाट दाखविली ती कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने. त्याने १८१७ साली जे पहिले दुचाकी यंत्र रस्त्यावर आणले त्यास पॅडल नव्हतेच. त्यावर बसून दोन्ही पायांनी भुई मागे लोटीत जावयाचे. आम्ही पॅडल विसरून बैठक तळाशी नेली आणि आठ दिवस अंगणात ड्राइससाहेबांसारखे पाय घाशीत हिंडलो. तोल परत आला. मग रोज थोडीथोडी बैठक वर. मेंदूला सर्व आठवत होते, ते खरे. तो फक्त पायाच्या परवानगीची वाट पाहत होता.

पुढचा महिना तिळारीच्या कालव्याने सांभाळला. महाराष्ट्र आणि गोवा यांचा हा संयुक्त प्रकल्प. त्याचा कालवा पेडण्यातून जातो. पाण्याला वाहावयास लागतो तेवढाच उतार कालव्याला असतो, म्हणजे जवळजवळ नाहीच. काठाने सकाळी जावे तो पाणी आणि आपण एकाच गतीने चाललो आहोत असे वाटावे. एके दिवशी मागून पोदेराचा भोंगा वाजला. गोव्यात सायकल जिवंत ठेवली आहे ती या पाववाल्यांनी. पाठीमागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली, हातात रबरी भोंगा. पोरगा सतरा-अठरा वर्षांचा, बोलण्यावरून कर्नाटकातला वाटला. तो आमच्या बाजूने गेला, मागे वळून पाहिले, जांभळी सायकल पाहिली, मग पुढच्या टोपलीत दोन उंडे टाकले आणि पैसे न घेता निघून गेला. त्याने आम्हांस काय समजावे, हे आम्ही अद्याप ठरवू शकलेलो नाही. उंडे गरम होते.

मुळगावास गेलो तो कार्तिकातल्या एका गुरुवारी, पहाटे साडेपाचला, मुलास न सांगता, सौ.स मात्र सांगून. तिने पाण्याची बाटली भरून दिली आणि दारात उभी राहिली नाही. धारगळपावेतो ओळखीचा रस्ता. डोक्यावरून एक विमान खाली उतरत गेले. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाला, आणि त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचेही उद्घाटन झाले. तेव्हापासून या पठारावरची झोप निराळी झाली आहे. राष्ट्रीय महामार्ग आता एवढा रुंद आहे की सायकलवाल्याने कोणत्या काठाने जावे हे त्याचे त्यालाच शोधावे लागते. कोलवाळच्या पुलावर वारा समोरून आला. शापोरा नदी खाली काळी दिसत होती. पलीकडे बार्देश, जुनी काबिजाद. पुलाच्या चढास गुडघ्यातून 'टक्' असा एक आवाज आला. हा आवाज धातू आणि प्लास्टिकचा असतो, त्यात काही भिण्याचे नाही, असे आम्हांस शंभरदा सांगण्यात आले होते. तरीही आम्ही पुलाच्या मध्यावर थांबलो, कठड्यास हात टेकला आणि चार ट्रक जाऊ दिले. परत फिरावे काय? घर अकरा-बारा किलोमीटर मागे होते, बाय तेवढीच पुढे. आवाज पुन्हा झाला नाही. आम्ही निघालो.

थिवी गेली, अस्नोडा आला. अस्नोड्यापलीकडे डिचोली तालुका लागतो तेथे रस्त्याकडेची माती अजून तांबडी आहे. खाणी जोरात होत्या तेव्हा याच बाजूने खनिजाच्या ट्रकांची रांग नदीकाठच्या धक्क्यांकडे जात असे. पांढरा सदरा घालून निघालेला मनुष्य मुळगावास पोहोचेपर्यंत काषाय वस्त्रे धारण करीत असे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा काही सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. अलीकडे काही चालू झाल्या आहेत. किती घरांच्या चुली त्यांवर पेटत होत्या आणि किती शेते त्यांखाली गेली, याचा हिशेब मांडावयास हा लेख पुरणार नाही. आम्ही एवढेच नमूद करतो, की त्या सकाळी सदरा पांढराच राहिला.

बाय ओसरीवर तांदूळ निवडीत होती. सायकलची घंटा तिला ऐकू आली नाही. आम्ही पुढे जाऊन उभे राहिलो तेव्हा तिने मान वर केली, नीट दिसावे म्हणून डोळे बारीक केले. "कितें रे, सायकलीर आयलो?" आम्ही होय म्हटले. ती उठली, प्रथम आमच्या गुडघ्यास हात लावला, धोतरावरूनच, आणि विचारले, "लोखणाचो?" आम्ही धातूंची नावे सांगू लागलो तो तिचे लक्षच नव्हते. ती सायकलीकडे गेली होती. हाताने चाचपून पाहत होती. दांडा लागेना, तेव्हा हात खाली गेला. मग टोपली लागली. ती हसू लागली.

"ही चेडवांची सायकल मरे!"

हसता हसता तिने बैठकीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मग म्हणाली, "धर पळोवया." आम्ही हँडल धरले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बायने मधल्या मोकळ्या जागेतून एक पाय पलीकडे ठेवला आणि बैठकीवर टेकली. दोन्ही पाय भुईवर होते. पॅडलला तिने पाय लावले नाहीत. आम्ही मागे जाऊन कॅरिअर धरले आणि अंगणातून तुळशीपर्यंत, पंधरा-वीस पावले, तिला नेले. शेजारची सून कुंपणापलीकडून पाहत होती. "पुरो," असे म्हणून बाय उतरली आणि तांदूळ निवडावयास बसली. त्या दिवशी वर्तमानपत्र नव्हते. आम्ही पेडण्याचे समाचार तोंडीच, ओरडून, सांगितले.

रात्री तेथेच राहिलो आणि शुक्रवारी परत आलो. गुडघा सुजला होता, बर्फाने उतरला. पुढील गुरुवारपासून वर्तमानपत्र मुळगावास पुन्हा सुरू करण्यात आले.

आता उजवा. तोही झिजला आहे, असे चित्रात स्पष्ट दिसते. डॉक्टरांचा मुहूर्त ज्येष्ठातला आहे. बायला ते सांगितले तेव्हा तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "ताचे पयलीं शिरगांवचे जात्रेक यो." लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीस असते. तेवढ्यात जांभळ्या सायकलीचा मागचा टायर बदलून घेणे आहे, आणि कॅरिअरही जरा मजबूत बसवून घ्यावा म्हणतो.